तेल सुटेपर्यंत

सिडनीच्या हेमार्केट भागात, गोल्बर्न स्ट्रीटवर 'मामाक' नावाचं मलेशियन रेस्टॉरंट आहे. २००७ साली ते सुरू झालं. जेवणाच्या वेळेला बाहेर रांग लागते आणि रांगेतल्यांचे डोळे दाराऐवजी बाजूच्या काचेवर खिळलेले असतात. काचेमागे तेलाने चकचकणाऱ्या ओट्याशी कारागीर उभा असतो. मैद्याचा मऊ गोळा तो तळव्याने थापतो, कडेला धरून उचलतो आणि मनगटाला हिसका देऊन ओट्यावर पसरतो. पुन्हा उचलतो, पुन्हा पसरतो. चार-पाच हिसक्यांत गोळ्याचा इतका पातळ पडदा होतो की खालचा ओटा त्यातून दिसावा. मग झरझर घड्या पडतात, पडद्याचा चौकोन होतो आणि तव्यावर जातो. भाजून झाली की रोटी दोन्ही तळव्यांत धरून, टाळी वाजवावी तशी बाजूंनी चेपायची. आतले पदर मोकळे होतात आणि वाफ बाहेर पडते.

ही रोटी चानाई. परदेशात मलेशियन जेवणाची ओळख बहुतेकांना हिच्यापासून होते. तिच्यातलं खरं काम मात्र काचेमागे दिसत नाही. ते आदल्या रात्री झालेलं असतं. मळलेलं पीठ लगेच ताणायला घेतलं तर फाटतं. म्हणून गोळे तेला-तुपात माखून कित्येक तास झाकून ठेवतात. मैदा मुरतो, सैलावतो, आणि मग हाताला हवं तसं वागतो. पुरणपोळीची कणीक तेलात तिंबून मुरवत ठेवणाऱ्या घरातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

नावाबद्दल दोन मतं आहेत. काहींच्या मते 'चानाई' म्हणजे चेन्नई, कारण ही रोटी दक्षिण भारतातून गेलेल्या लोकांनी तिकडे नेली. दुसरं मत असं की मलय भाषेत 'चानाई' म्हणजे पीठ लाटणं, पसरणं, त्यावरून हे नाव पडलं. 'मामाक' या शब्दाबद्दल मात्र फारसा वाद नाही. मलेशियातल्या तमिळ मुसलमानांना मामाक म्हणतात, आणि तो शब्द तमिळमधल्या 'मामा'वरून आला. अर्थही आपलाच, आईचा भाऊ. मामाक मंडळींची रात्रभर उघडी असणारी चहा-रोटीची दुकानं मलेशियात जागोजागी आहेत.

या प्रकरणात एका साध्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं आहे. परदेशात मलेशियन जेवण जेवायला गेल्यावर ते अस्सल आहे की नाही, हे ओळखायचं कसं?

एक देश, अनेक स्वयंपाकघरं

मलेशियन जेवण ही एका घरात तयार झालेली गोष्ट नाही. मलाक्का हे बंदर मोसमी वाऱ्यांच्या वाटेवर होतं. एका वाऱ्याने गुजराती, तमिळ आणि अरब व्यापारी यायचे, दुसऱ्या वाऱ्याने चिनी. वारा फिरेपर्यंत महिनोन् महिने मुक्काम करावा लागायचा, आणि मुक्काम म्हटला की चूल आली. तिथेच संसार थाटलेल्या चिनी व्यापाऱ्यांच्या घरांतून पेरानाकान समाज घडला. त्यांच्या स्त्रियांना न्योन्या म्हणतात. चिनी साहित्य आणि मलय मसाला एकत्र करणारा स्वयंपाक त्यांच्या हातून उभा राहिला.

पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी, १५११ मध्ये, मलाक्का. दोन्ही मोहिमांचा सेनापती एकच, अफोन्सो द अल्बुकर्क. अमेरिकेतली मिरची आशियात पसरली ती याच पोर्तुगीज दर्यावाटांनी. आज सांबाल या मिरचीच्या वाटणाशिवाय मलेशियन ताट पुरं होत नाही. मलाक्कात अजूनही क्रिस्तांग नावाचा पोर्तुगीज वंशाचा छोटा समाज आहे. त्यांची व्हिनेगर आणि मोहरी घातलेली 'कारी देबाल' गोव्याच्या विंदालूच्या नात्यातली वाटते. गोव्याचं बालशांव आणि मलयांचा 'बेलाचान' या शब्दांचंही नातं अनेक अभ्यासक मानतात. बेलाचान म्हणजे बारीक कोळंबी मिठात आंबवून, वाळवून केलेली वडी. कोकणात जवळ्याचा जो वास घराबाहेरूनच ओळखू येतो, त्याच कुळातला हा वास.

१७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने पेनांग बेटावर ठाणं वसवलं. पुढे कथिलाच्या खाणींवर चिनी मजूर आले, रबराच्या मळ्यांवर तमिळ मजूर आले. चीनच्या हायनान बेटावरचे लोक उशिरा पोचले. चांगले धंदे आधीच्यांनी घेतले होते, म्हणून ते गोऱ्या साहेबांच्या घरी आणि जहाजांवर आचारी झाले. पुढे त्यांनीच 'कोपितियाम' चालवली. कोपी म्हणजे मलयमध्ये कॉफी, तियाम म्हणजे हॉक्किन बोलीत दुकान. एका दुकानाच्या पाटीवर दोन भाषा एकत्र नांदतात, तसंच तिथल्या ताटातही.

हे सगळं एकत्र आलं तरी एकजीव मात्र झालं नाही. मलेशियातला रस्त्यावरचा विक्रेता सहसा एकच पदार्थ करतो. कुणी फक्त नूडल्स परततो, कुणी फक्त साते, म्हणजे काडीला लावलेलं मांस, भाजतो. तीस-चाळीस वर्षं एकाच कढईपुढे उभं राहिल्यावर हाताला जे वळण लागतं, त्यालाच तिथले लोक चव म्हणतात. पेनांगला खाद्यपेठेत बसलेला माणूस एका गाड्यावरून लाक्सा, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्स, मागवतो, दुसऱ्यावरून रोटी, तिसऱ्यावरून उसाचा रस. सगळं एकाच टेबलावर येतं, पण हात वेगवेगळे असतात.

परदेशातलं रेस्टॉरंट इथेच अडतं. एकाच मुदपाकखान्यातून मलय रेंडांग, चिनी नूडल्स, तमिळ रोटी आणि न्योन्या मिठाई असं सगळं निघावं, अशी गिऱ्हाईकाची अपेक्षा असते. आपल्याकडे उपमा द्यायची तर कोल्हापूरचा तांबडा-पांढरा रस्सा, मालवणी तिसऱ्यांचं सुकं, खानदेशी शेवभाजी आणि वऱ्हाडी पाटोडी एकाच आचाऱ्याने रोज, तितक्याच जीव ओतून करावी, असं म्हणण्यासारखं ते आहे. म्हणून मेनूकार्डावर शंभर पदार्थ दिसले की सावध व्हावं, आणि पाटीवर एखाद्या गावाचं किंवा प्रांताचं नाव दिसलं की आत शिरावं. पेनांग, ईपोह, मलाक्का, सारावाक यांपैकी एखादं नाव म्हणजे मालकाने आपली चूल कुठली, हे सांगितलेलं असतं.

ऑस्ट्रेलियात ही चूल कशी पेटली

ब्रिटनमध्ये मलेशियन जेवण मिळतं. लंडनला यूस्टन स्टेशनजवळ तळघरात सुरू झालेल्या 'रोटी किंग'ची रांगही प्रसिद्ध आहे. पण हे जेवण परक्या देशाच्या रोजच्या खाण्यात मुरलं ते ऑस्ट्रेलियात. त्यामागे विद्यार्थी आहेत.

१९५१ साली कोलंबो योजना सुरू झाली. राष्ट्रकुलातल्या देशांनी आशियातल्या नव्या देशांना मदत करण्याची ही योजना होती. तिच्या शिष्यवृत्त्यांवर मलायातली मुलं-मुली मेलबर्न, पर्थ, ॲडलेड, सिडनीच्या विद्यापीठांत येऊ लागली. स्वखर्चाने येणाऱ्यांची संख्या तर त्याहून मोठी होती. तेव्हा ऑस्ट्रेलियात गोऱ्यांखेरीज इतरांना स्थायिक होऊ न देणारं धोरण होतं. ते टप्प्याटप्प्याने सैल होत १९७३ मध्ये संपलं. इकडे मलेशियात १९६९ च्या वांशिक दंगलींनंतर, १९७१ पासून नवं आर्थिक धोरण आलं. विद्यापीठांतल्या जागांत मलय विद्यार्थ्यांना प्राधान्य मिळालं आणि चिनी व भारतीय वंशाची बरीच मुलं शिक्षणासाठी बाहेर पडली. त्यातली अनेक परतली नाहीत.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला घरच्या जेवणाची आठवण कशी छळते, हे पुण्या-मुंबईतून मेलबर्नला शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना वेगळं सांगायला नको. त्या भुकेतूनच दुकानं निघाली. सिडनीतलं 'द मलाया' १९६३ चं, म्हणजे मलेशिया हा देश अस्तित्वात आला त्याच वर्षीचं. सिडनीकरांना लाक्साची ओळख करून देणाऱ्यांत त्याचं नाव घेतलं जातं. क्वालालंपूरला जन्मलेल्या चाँग ल्यू यांनी १९७५ मध्ये ॲडलेडला 'नेडीज' काढलं आणि पूर्व-पश्चिमेचे पदार्थ एका ताटात आणणारे आद्य आचारी म्हणून मान मिळवला.

उत्तर टोकाला डार्विन आहे. तिथली हवा उष्ण आणि दमट, त्यामुळे गवती चहा आणि मिरच्या परसात वाढतात. पॅरप भागातल्या शनिवारच्या बाजारात लोक सकाळीच लाक्साचा वाडगा घेऊन बसतात. २०१९ पासून या शहरात लाक्साचा महोत्सव भरतो. दूरच्या देशातला पदार्थ नव्या गावाचा अभिमान होतो, तेव्हा त्याने तिथे घर केलं असं म्हणायला हरकत नाही.

वाटण आणि तेलाची खूण

आता आत जाऊन बसू. समोर आलेला रस्सा नीट परतलेल्या वाटणाचा आहे की डब्यातल्या मसाल्यात नारळाचं दूध ओतून केलेला, हे कसं कळावं?

मलेशियन स्वयंपाकाचा पाया म्हणजे 'रेम्पाह', ओलं वाटण. छोटे कांदे, लसूण, भिजवलेल्या लाल मिरच्या, हळद, गवती चहाचे बुंधे, आल्याच्या कुळातलं उग्र वासाचं गलांगल, थोडा भाजलेला बेलाचान आणि दाटपणासाठी 'बुआह केरास' नावाचं तेलकट टणक बी. हे सगळं दगडी खलात कुटायचं किंवा पाट्यावर वाटायचं. हो, पाटा-वरवंटा तिथेही आहे. परदेशात बुआह केरास सहज मिळत नाही. तिथले लोक त्याऐवजी मॅकेडेमिया घालतात, आणि ती मूळची ऑस्ट्रेलियाचीच.

वाटण झालं की भरपूर तेलात, मंद आचेवर परतायचं. सुरुवातीला ते पाणीदार असतं, बुडबुडे येतात, तडतडतं, तेल पिऊन टाकतं. पुष्कळ वेळ काहीच होत नाहीसं वाटतं. मग पाणी आटतं, रंग गडद होतो, कच्चा वास जातो आणि एका क्षणी वाटण प्यायलेलं तेल सोडून देतं. कडेने लाल तेल झिरपू लागतं. मलय भाषेत या क्षणाला 'पचाह मिन्याक' म्हणतात. मिन्याक म्हणजे तेल, पचाह म्हणजे फुटणं. मराठी स्वयंपाकघरात आपण म्हणतो, मसाल्याला तेल सुटेपर्यंत परत. दोन भाषांनी एकच खूण टिपून ठेवली आहे.

या खुणेला कारण आहे. वाटणात पाणी असेपर्यंत त्याचं तापमान शंभर अंशांच्या फार वर जात नाही, म्हणजे ते नुसतं उकडत असतं. पाणी उडालं की तापमान चढतं आणि वाटण खऱ्या अर्थाने तळलं जाऊ लागतं. कांद्याची गोडी, भाजल्याचा वास आणि खमंगपणा तेव्हाच तयार होतो. मिरची-हळदीचा रंग आणि सुवास बराचसा तेलातच विरघळतो, म्हणून सुटलेलं तेल लालभडक दिसतं. घाईने केलेल्या रश्श्यात हे होत नाही. तो दिसतो पिवळट-गुलाबी, सगळीकडे एकसारखा, आणि जिभेवर कच्ची हळद व कच्चा कांदा राहतो.

म्हणून वाडगा समोर आला की आधी वरचा तवंग पाहावा. पांढरट रश्श्यावर तांबड्या तेलाचे थेंब तरंगत असतील, तर आत कुणीतरी कढईपुढे उभं राहिलेलं आहे. मिसळीच्या कटाची परीक्षा आपण तर्रीवरून करतो, तशीच ही.

एक नाव, दोन लाक्सा

लाक्सा मागवताना पहिला प्रश्न विचारायचा, कुठला? क्वालालंपूरकडचा आणि परदेशात जास्त दिसणारा लाक्सा नारळाच्या दुधाचा. त्यात नूडल्स, कोळंबी किंवा कोंबडी, मुगाचे लांब कोंब आणि तळलेल्या टोफूचे पोकळ तुकडे असतात. टोफूचा तुकडा रस्सा पिऊन जड होतो आणि चावला की तोंडात फुटतो.

पेनांगचा 'आसाम लाक्सा' अगदी वेगळा. आसाम म्हणजे आंबट. यात नारळाचं दूध नसतं. 'इकान केम्बुंग' हा मासा उकडून, कुस्करून रश्श्यात घालतात. हा मासा म्हणजे आपला बांगडा, किंवा त्याचा सख्खा भाऊ. आंबटपणासाठी चिंच आणि 'आसाम गेलुगोर' या फळाच्या वाळवलेल्या चकत्या. हे फळ कोकमाच्याच प्रजातीतलं आहे. वरून अननस, काकडी, पुदिना, 'बुंगा कांतान' या रानटी आल्याची गुलाबी कळी बारीक चिरून, आणि शेवटी कोळंबीचा काळा, दाट, गोडसर अर्क चमचाभर. कोकमाच्या आंबटात शिजलेलं बांगड्याचं तिखलं खाल्लेल्या मालवणी माणसाला पहिल्या घोटातच ओळख पटेल. फरक एवढाच की तिरफळाच्या जागी त्या कळीचा वास येतो.

परदेशात या वाडग्याची खरी कसोटी ती कळीच आहे. ती ताजी मिळणं अवघड. बांगड्याऐवजी डब्यातला सार्डिन चालवून घेता येतो, कळीला पर्याय नाही. एखाद्या दुकानात तिचा वास आला, तर मालकाने ती मिळवण्यासाठी धावपळ केली आहे असं समजावं आणि त्या दुकानात पुन्हा जावं.

नाव एक, पदार्थ वेगळा, अशी उदाहरणं आणखी आहेत. हॉक्किन मी पेनांगला मागवली तर कोळंबीच्या तांबड्या रश्श्यातल्या नूडल्स येतात. क्वालालंपूरला त्याच नावाने काळ्या सोया सॉसमध्ये परतलेल्या जाड नूडल्स मिळतात. दोन्ही अस्सल. ताटात काय यायला हवं होतं, हे गावावरून ठरतं.

रेंडांगचा वाद

२०१८ साली ब्रिटनमधल्या 'मास्टरशेफ' या स्पर्धेत मलेशियात जन्मलेल्या झलेहा कादिर ओल्पिन यांनी नासी लमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, आणि कोंबडीचं रेंडांग केलं. कोंबडीची कातडी कुरकुरीत नाही, असा दोष परीक्षकाने काढला आणि त्या स्पर्धेबाहेर गेल्या. मलेशियात संताप उसळला. तेव्हाचे पंतप्रधान नजीब रझाक यांनीही समाजमाध्यमावर त्यावर लिहिलं. एरवी रेंडांग कुणाचं यावर भांडणारे मलेशियन आणि इंडोनेशियन लोक या वेळी एका बाजूला उभे राहिले.

हा संताप समजून घ्यायचा तर रेंडांग होतं कसं ते पाहावं लागेल. मूळ सुमात्रा बेटावरच्या मिनांगकाबाऊ लोकांचं. त्यांच्यातले बरेच जण पिढ्यांपूर्वी मलेशियातल्या नेगेरी सेंबिलान भागात येऊन राहिले. मांस, वाटण आणि भरपूर नारळाचं दूध एकत्र करून मंद आचेवर चढवायचं. पहिल्यांदा तो पातळ रस्सा असतो. तास-दोन तासांनी दाटसर, ओलसर होतो. इथे थांबलं तर ते रेंडांग होत नाही. आणखी आटवत नेलं की नारळाच्या दुधातलं पाणी संपतं, त्याचं तेल सुटतं आणि मांस त्याच तेलात परतलं जाऊन तपकिरी होतं. म्हणजे एरवी आधी परततात आणि मग शिजवतात, इथे आधी शिजवून मग परततात. मलेशियात त्यात 'केरिसिक' घालतात. किसलेलं खोबरं मंद भाजून, तेल सुटेपर्यंत कुटून केलेला हा गोळा कोल्हापूर-सोलापूरच्या भाजक्या खोबऱ्याच्या वाटणाचा जवळचा नातेवाईक. त्यातच हळदीची पानं बारीक चिरून पडतात. तीच पानं, ज्यांत आपण नागपंचमीला आणि गणपतीत पातोळ्या उकडतो.

तासन् तास रश्श्यात शिजलेल्या कोंबडीची कातडी मऊच असणार. कुरकुरीत कातडीची अपेक्षा ठेवणं म्हणजे पदार्थाची ओळखच नसणं. परीक्षकाला चव आवडली नसती तर तो त्याचा अधिकार होता. पण पदार्थाला त्याच्या स्वतःच्या मापाने तोलायला हवं होतं. परदेशी ताटासमोर बसणाऱ्या प्रत्येकाने, आपणही, हे ध्यानात ठेवावं.

घाईचा पदार्थ

प्रत्येक पदार्थ मंद आचेचा नसतो. 'चार क्वे त्याव' हा तांदळाच्या चपट्या नूडल्सचा चिनी पदार्थ मिनिटा-दोन मिनिटांत होतो. प्रचंड तापलेल्या लोखंडी कढईत लसूण, नूडल्स, सोया सॉस, अंडं, कोळंबी, शिंपल्यांचं मांस आणि मुगाचे कोंब. कढईच्या धगीने जो किंचित धुरकट वास येतो, त्याला चिनी लोक 'वोक हेई', म्हणजे कढईचा श्वास म्हणतात. चांगला विक्रेता एका वेळी एकच ताट परततो. एकदम पाच ताटांचा माल घातला तर कढई थंड पडते, पाणी सुटतं आणि नूडल्स उकडतात. टेबलावरच्या चौघांची ताटं एकामागून एक आली तर रागावू नये. आत काम नीट चाललं आहे.

मागवताना

पहिल्यांदा जाणाऱ्याने नासी लमाक मागवावा. लमाक म्हणजे स्निग्ध. नारळाच्या दुधात, पांदानची पानं घालून शिजवलेला भात. पांदान केवड्याच्या कुळातलं, वास मात्र सुवासिक तांदळासारखा. भाताभोवती सांबाल, तळलेले शेंगदाणे, काकडी, उकडलेलं अंडं आणि 'इकान बिलिस', म्हणजे मांदेलीच्या घराण्यातले वाळवून तळलेले इवलेसे मासे. या एका ताटात दुकानाची परीक्षा होते. भात मोकळा आणि सुवासिक हवा, सांबाल आधी गोडसर लागून मग तिखट लागायला हवा आणि मासे कुरकुरीत हवेत.

नासी कांदार दिसला तर तोही घ्यावा. कांदार म्हणजे कावड. पेनांगला तमिळ मुसलमान विक्रेते खांद्यावरच्या कावडीत एका बाजूला भात आणि दुसऱ्या बाजूला कालवण घेऊन फिरत. आज कावड गेली, नाव राहिलं. भातावर दोन-तीन रस्से एकत्र ओतून हवे असतील तर 'बांजिर' म्हणायचं. बांजिर म्हणजे पूर.

शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना मनापासून. मांस दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी आहे असं धरून चालू नये. सांबालात बहुधा बेलाचान असतोच. कांगकुंगची, म्हणजे आपल्या नाळीची, परतलेली भाजीही बेलाचान घालूनच करतात. रोटीबरोबर येणाऱ्या दालचात मटणाची हाडं शिजलेली असू शकतात. नारळाच्या दुधाच्या लाक्साचा रस्साही कोंबडीच्या किंवा कोळंबीच्या पाण्यावर उभा असतो. 'मांस आहे का?' एवढं विचारून भागत नाही. मासा, सुकी कोळंबी, बेलाचान, हाडांचं पाणी यांची नावं घेऊन एकेक विचारावं. खरा आचारी नीट उत्तर देतो, आणि जमत नसेल तर जमत नाही असं सांगतो. तेही अस्सलपणाचंच लक्षण.

मलय मुसलमानांचं दुकान हलाल असतं, चिनी विक्रेता पुष्कळदा नूडल्स डुकराच्या चरबीत परततो. दोन्ही मलेशियन. आपल्याला काय चालतं ते पाहून दुकान निवडावं.

शेवटी चहा आणि चेंडोल

जेवण झाल्यावर 'तेह तारिक' घ्यावा. तारिक म्हणजे ओढणं. कडक चहा आणि आटवलेलं गोड दूध एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतत राहतात. चहाला फेस येतो, तो किंचित निवतो आणि दूध एकजीव होतं. गोड कमी हवा तर 'कुरांग मानिस' म्हणावं. बिनदुधाचा तो 'तेह ओ', आणि त्यातही साखर नको असेल तर 'तेह ओ कोसोंग'. कोसोंग म्हणजे रिकामं. आपण कोरा चहा म्हणतो, त्याच्याच जवळचं.

गोडात चेंडोल. पांदानच्या रसाने हिरव्या झालेल्या शेवया, किसलेला बर्फ, नारळाचं दूध आणि वरून 'गुला मलाक्का', म्हणजे नारळीच्या नीरेचा काळसर गूळ. गोव्यात आणि दक्षिण कोकणात ज्याला माडाचा गूळ म्हणतात, तोच. परदेशात पुष्कळदा त्याच्या जागी साखरेचा तपकिरी पाक घालतात आणि शेवयांना बाटलीतला रंग देतात. खऱ्या माडाच्या गुळाला थोडा धुराचा, थोडा खारट वास असतो. लहानपणी तो चाखलेल्या जिभेला इथे कुणी फसवू शकत नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. भिंतीवरचे पोस्टर, बांबूच्या खुर्च्या आणि पाटीवरचा 'अस्सल' हा शब्द, यांवरून काही कळत नाही. नारळाचं दूध डब्यातलं आहे म्हणून जेवण खोटं ठरत नाही. बुआह केरासच्या जागी मॅकेडेमिया आली म्हणूनही ठरत नाही. मलेशियन स्वयंपाक पहिल्यापासून असाच, मिळेल ते घेऊन घडलेला आहे. तो खोटा ठरतो तो वेळ चोरल्यावर. गोळे मुरवले नाहीत, वाटण परतलं नाही, रेंडांग अर्ध्यावर उतरवलं, पाच ताटं एका कढईत कोंबली, की पदार्थाचं नाव राहतं आणि पदार्थ जातो.

म्हणून पुढच्या वेळी सिडनीत, मेलबर्नला किंवा लंडनला अशा दुकानात गेलात तर ऑर्डर देण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा, 'तुमचं गाव कुठलं?' पेनांग म्हणाले तर आसाम लाक्सा मागवा. नेगेरी सेंबिलान म्हणाले तर रेंडांग. मामाक असतील तर रोटी. आणि ताट यायला वेळ लागला तर लागू द्या. आत कुणीतरी तेल सुटायची वाट पाहत उभं आहे.